बाटली तर पाण्याचीच होती! (घरातले बालअपघात आणि आपण)



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, त्याचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ दवाखान्यात होता. घर रंगवून उरलेलं थिनर पाण्याच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलेलं होतं. खेळून तहानलेल्या पोराने बाटली तोंडाला लावली. आईने घाबरून मिठाचं पाणी पाजून त्याला उलटी करायला लावली. पोरगं वाचलं, पण फुप्फुसांना सूज आली होती.

मोठा भाऊ शाळेत आल्यावर मला म्हणाला, "बाई, बाटली तर पाण्याचीच होती ना?"

'अनोळखी वस्तू तोंडात घालू नये' हे वाक्य मी वर्गात पाठ करून घेतलं होतं. पण ती वस्तू अनोळखी नव्हतीच! मूल वस्तूचा आकार ओळखतं, आतला पदार्थ नाही. चूक मुलाची नव्हती, आपल्या मांडणीची होती.

'अपघात सांगून येत नाही' असं आपण म्हणतो. मुलांचे बरेचसे अपघात मात्र सांगून येतात. मूल नवं काही शिकलं, की त्यासोबत नवा धोका येतो.

वयानुसार धोके

1. रांगणारं मूल : हाताला लागेल ते तोंडात जातं. शेंगदाणे, फुटाणे, मणी, नाणी श्वासनलिकेत अडकू शकतात. दाढा नसल्यामुळे शेंगदाणा नीट चावताही येत नाही. खेळण्यातला किंवा रिमोटमधला चपटा बटण सेल तर फारच घातक. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत खोल जखम करू शकतो.

2. चालायला लागलेलं मूल : या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही. बुडायला वीतभर पाणीही पुरतं, आणि बहुतेक वेळा आवाजही होत नाही. ओट्याच्या कडेचा गरम चहा, डाळीचं पातेलं ओढून भाजणंही याच वयातलं.

3. चार ते सहा वर्षे : चढणं, उड्या मारणं. कठडा नसलेली गच्ची, खिडकीला लागून ठेवलेला पलंग.

4. शाळेत जाणारं मूल : रस्ता, विहीर, शेततळं, पतंग, फटाके. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज लहान मुलांना येत नाही. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, त्यामुळे आत पडलेल्याला वर चढता येत नाही.

पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

• भाजल्यास : हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नये. भाजलेला भाग 20 मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा.

• थिनर, रॉकेल, फिनाईल प्यायल्यास : उलटी करायला लावू नये. वर येताना ते श्वासात जाऊन फुप्फुसांना इजा करतं. ती बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

• घशात अडकल्यास : मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. दिसत नसताना बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. एक वर्षाखालील बाळाचा आवाज बंद झाला तर त्याला हातावर पालथं घेऊन डोकं खाली ठेवावं. पाठीवर खांद्यांच्या मध्ये 5 थापा द्याव्यात, मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करावं. मोठ्या मुलांसाठीची पद्धत आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

• साप चावल्यास : आवळून बांधू नये, चिरू नये. मुलाला चालवू नये, उचलून दवाखान्यात न्यावं.

• डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी किंवा झटके आल्यास : थांबू नये.

108 ही मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. हा क्रमांक मुलांनाही पाठ हवा.

उपक्रम : माझ्या घराची पाहणी

मी मुलांना गृहपाठ दिला. आई किंवा बाबांसोबत जमिनीवर बसायचं आणि लहान भावंडाच्या उंचीवरून घर बघायचं. हाताला काय काय लागतं ते वहीत लिहायचं आणि त्यातली एक तरी वस्तू त्याच दिवशी वर किंवा कुलपात ठेवायची. गुण नाहीत, चूक-बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्यांत एकच गोष्ट सापडली : पाण्याच्या बाटलीत दुसरंच काहीतरी!

त्या मुलाची आई नंतर शाळेत आली होती. डोळे पुसत म्हणाली, "बाई, उलटी करू नये हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." पालक सभेत मी दरवेळी हजेरी आणि चाचणीबद्दल बोलत होते. आता पहिली पंधरा मिनिटं या विषयाला देते. तुम्हीही देऊन बघा.