रक्तवाहिनीवरील छिद्र : बंद करण्याच्या पद्धती व घरची दक्षता

भंडारा जिल्ह्यातील साकोली, पवनी, लाखांदूर आदी तालुक्यांतून हृदयविकाराचे अनेक रुग्ण अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीसाठी नागपूरला जातात. २०१३ पासून राज्यभर लागू झालेल्या व आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या जन आरोग्य योजनेमुळे हे उपचार गरीब कुटुंबांच्याही आवाक्यात आले आहेत. मात्र रुग्ण गावी परतल्यावर घ्यावयाच्या दक्षतेची माहिती गावकऱ्यांनाही असणे अगत्याचे आहे.

छिद्र कसे बंद होते?

स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार सुईने रोहिणीत प्रवेश करून, तारेच्या आधाराने कॅथेटर ही बारीक नळी आत सरकवली जाते. नळी काढल्यावर रोहिणीला दोन ते अडीच मिलिमीटरचे छिद्र उरते. रोहिणीतील रक्त दाबाने वाहत असल्याने ते आपोआप थांबेल असा भरवसा धरता येत नाही.

मार्ग जांघेतील असल्यास हाताने साधारणतः पंधरा ते वीस मिनिटे दाब देणे ही जुनी व आजही प्रचलित पद्धत होय. त्यानंतर रुग्णास काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. १९९० नंतरच्या दशकात छिद्र बंद करणारी साधने वापरात आली. एका प्रकारात कोलॅजनचे बूच छिद्रावर बसविले जाते व ते सुमारे तीन महिन्यांत शरीरात विरघळते. दुसऱ्यात टाका घातला जातो. तिसऱ्यात धातूची चिमटी बसविली जाते. यामुळे रुग्ण लवकर चालू लागतो. तथापि ही साधने खर्चिक असून क्वचित जंतुसंसर्ग वा रक्तप्रवाहात अडथळाही संभवतो. म्हणून ती प्रत्येकास आवश्यक नसतात. अलीकडे मनगटातील रोहिणीचा मार्ग अधिक पसंत केला जातो. तेथे दाबपट्टी पुरेशी ठरते व रक्तस्रावाचा धोका कमी असतो.

गावी परतल्यावर

जांघेतून उपचार झालेल्या रुग्णाने डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत उकिडवे बसणे, धानाचे पोते उचलणे व रोवणीसाठी वाकणे टाळावे. जखम भरेपर्यंत तलावात उतरू नये. बूच बसविले असल्यास रुग्णालयाने दिलेले कार्ड जपून ठेवावे व पुढील प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत; त्यामुळे स्टेंटमध्ये गाठ होऊन प्राणावर बेतू शकते.

रक्त येऊ लागल्यास रुग्णास उताणे निजवावे. जांघेत त्वचेवरील खुणेच्या किंचित वर, मनगटावर मात्र खुणेवरच, स्वच्छ कापडाने घट्ट व अखंड दाब द्यावा आणि दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी वारंवार हात उचलू नये. हळद, चुना वा राख लावू नये. वाढती वा ठोके देणारी गाठ, हात वा पाय थंड अथवा बधिर पडणे, ताप, तसेच बाहेर रक्त न दिसताही अकस्मात कंबरदुखी, घाम व घेरी ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

ग्रामसभेत आशा कार्यकर्तीकडून व शाळेत शिक्षकांकडून योग्य जागी दाब देण्याची ही साधी कृती समजावून दिली गेली, तर रुग्णवाहिका येईपर्यंतचा मोलाचा काळ वाया जाणार नाही.