नोकरी लावून देणारा माणूस पैसे कुणाकडून घेतो?



मागच्या महिन्यात पुसद तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. ताई म्हणाल्या, "पोराची पुण्याच्या कंपनीत नोकरी पक्की झाली मॅडम, फक्त पंधरा हजार भरा लागते." कुणाला भरायचे? तर फोनवरच्या एका माणसाला. मुलाखत झाली का? नाही. कंपनीचा पत्ता? तो पैसे भरल्यावर मिळणार. मुलगा बारावी झालेला, घरात बसून आहे, म्हणून गटातल्या बायांनाही वाटलं, देऊन टाकावे. शेवटी गटाने एक आठवडा थांबायचं ठरवलं. तोपर्यंत तो नंबर बंद झाला होता.

म्हणून या अंकात 'भरती करणारे लोक' म्हणजे कोण आणि त्यांचं काम कसं चालतं, ते समजून घेऊ.

हे काम आपल्याला नवीन नाही

आपल्या तांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळी कोण जमवतो? मुकादम. कारखान्याला माणसं पाहिजेत, तांड्यावर माणसांना काम पाहिजे, आणि मुकादम या दोघांच्या मधला. त्याचं कमिशन कारखान्याच्या बाजूने येतं. तो आपल्याला उचल देतो आणि ती कोयत्याच्या मजुरीतून फिटते. फिटली नाही तर पुढच्या सालावर जाते. कर्ज फिटत नाही म्हणून माणसाला जबरदस्तीने कामावर ठेवणं हा मात्र गुन्हा आहे. त्यासाठी 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे.

शहरातल्या कंपन्यांसाठीही असे मधले लोक असतात. त्यांना 'रिक्रूटर' म्हणतात, आणि त्यांच्या ऑफिसला 'प्लेसमेंट' किंवा 'कन्सल्टन्सी'.

त्यांचं काम कसं चालतं?

1. कंपनी मागणी देते : किती माणसं, शिक्षण काय, पगार किती, काम कुठे.
2. रिक्रूटर माणसं शोधतो : नोकरीच्या वेबसाइटवर, कॉलेजात, आयटीआयमध्ये, मेळाव्यात, ओळखीतून.
3. तो फोनवर बोलतो, कागदपत्रं बघतो आणि शंभरातले दहा-पंधरा निवडून कंपनीकडे पाठवतो.
4. मुलाखत आणि शेवटची निवड कंपनी करते. रिक्रूटर करत नाही.
5. निवड झाली की कंपनी नेमणुकीचं पत्र देते. त्यात पद, पगार, ठिकाण, रुजू होण्याची तारीख लिहिलेली असते.

मग त्याचं पोट कशावर चालतं?

खरा रिक्रूटर फी कंपनीकडून घेतो. कायम नोकरीसाठी माणूस दिला तर साधारणपणे त्या माणसाच्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम कंपनी त्याला देते. बहुतेक करारात अटही असते की माणूस दोन-तीन महिन्यांत सोडून गेला, तर दुसरा फुकट द्यायचा.

दुसरा प्रकार ठेकेदाराचा. काम कंपनीत, पण पगार ठेकेदार देतो. कंपनी त्याला दर माणसामागे दर महिन्याला काही रक्कम जास्त देते. अशा ठिकाणी मुलाने आधीच विचारावं, "मी कंपनीच्या हजेरीवर की ठेकेदाराच्या?"

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रिक्रूटर चांगला असला तरी तो कंपनीचं काम करत असतो. त्याला जागा लवकर भरायची असते. म्हणून तो चांगलं तेवढं सांगतो, बाकीचं आपण विचारायचं.

पगार विचारताना 'हातात किती' हे विचारा

समजा मुलीला 14,000 रुपये पगार सांगितला. पूर्ण रकमेवर 12 टक्के पीएफ धरला तर 1,680 रुपये, आणि ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये कापले जातील. हातात 12,215. त्यातून खोलीभाडं आणि मेस. पीएफ-ईएसआय कापणं वाईट नाही. पीएफ तिचीच बचत आहे, आणि ईएसआयमुळे दवाखान्याची सोय होते. पण हा हिशोब निघण्याआधी माहीत पाहिजे.

खोटा एजंट कसा ओळखायचा?

- मुलाखत न घेताच 'तुमची निवड झाली' म्हणतो.
- नोंदणी, ड्रेस, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा नावाने पैसे मागतो, तेही स्वतःच्या खात्यावर.
- 'आजच भरा, उद्या जागा जाईल' अशी घाई करतो.
- मार्कशीट आणि आधारची मूळ प्रत ठेवून घेतो.

असं पत्र आलं तर कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून खात्री करा, पत्रावरच्या नंबरवर विसंबू नका. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच 1930 नंबरवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे सापडण्याची आशा कमी.

परदेशातल्या नोकरीचं थोडं वेगळं आहे. तिथे एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि तो जास्तीत जास्त 30,000 रुपये व त्यावर जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो, पावतीसह. त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' वेबसाइटवर बघता येते.

फुकट रस्ते आहेत

राज्य सरकारच्या 'महास्वयं' आणि केंद्राच्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' वेबसाइटवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. ग्रामीण गरीब कुटुंबातल्या 15 ते 35 वयाच्या मुलामुलींसाठी 2014 पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, महिलांना 45 पर्यंत सवलत आहे. प्रशिक्षण मोफत, आणि नंतर नोकरीसाठी मदत.

आपल्या गटाने काय ठरवायचं?

नोकरीसाठी कर्ज देऊच नका, असं मी म्हणत नाही. गाडीभाडं, पहिल्या महिन्याची खोली, मेस यासाठी जरूर द्या. पण नेमणूक पत्र बघून द्या. 'नोकरी लावून देण्याचे' म्हणून मात्र एक रुपयाही नको. पंधरा हजारांवर दोन टक्क्यांनी महिन्याला तीनशे रुपये व्याज होतं. एजंट पळाला तरी ते त्या ताईलाच भरावं लागतं, आणि बुडालं तर सगळ्यांची बचत बुडते.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गावात नोकरीच्या नावाने कुणाचे पैसे गेले आहेत का? नाव न घेता सांगा, कसे गेले?
2. कामासाठी बाहेर गेलेल्या मुलामुलींचा पत्ता आणि ठेकेदाराचा नंबर घरात लिहून ठेवला आहे का?
3. नोकरीच्या कर्जाबद्दल आपल्या गटाचा नियम काय असावा? ठराव वहीत लिहा.

ज्या ताईंच्या घरी सध्या असा फोन आला असेल, त्यांनी पैसे भरण्याआधी एकदा गटात बोलावं. एक आठवडा थांबल्याने खरी नोकरी जात नाही.

— तुमची क्षेत्र समन्वयक, पुसद