तेराव्याच्या आत

आमचा मुलगा सतरा वर्षांचा होता. हडपसरकडच्या एका चौकात "खुन्नसने का बघतोस" एवढ्यावरून त्याच्यावर कोयत्याने वार झाले. ऊस तोडायचं हे हत्यार हल्ली पुण्यात पोरांच्या रीलमध्ये मिरवतं. वार करणारे तिघे, त्यातले दोघे अल्पवयीन. त्या रात्रीविषयी मला लिहायचं नाही. पुढचे दिवस कसे काढायचे हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर त्याचा गॉगलमधला फोटो, खाली छोट्या गोलांत मित्रांचे चेहरे, आणि पोरांच्या स्टेटसला "हिशोब होणार". श्रद्धांजली कसली, नव्या भांडणाची भरतीच ती. ह्यांनी स्वतः उभं राहून फ्लेक्स उतरवला. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतो, तेव्हा फ्लेक्सवरच्या त्या मित्रांपैकीच एक जण वाकून कानाशी म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त हो म्हणा. तेराव्याच्या आत करतो." मी म्हटलं, "आधी तुझ्या आईला विचारून ये." संध्याकाळी मीच तिच्याकडे गेले. भावकीतल्या काहींनी मग ऐकवलं, पोराचं रक्त इतकं स्वस्त झालं का? ऐकून घेतलं.

ही वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर एवढं ध्यानात ठेवा: पोरं घरच्यांच्या तोंडाकडे बघत असतात. बाप रागाने "सोडणार नाही" बोलला तरी त्यांना ती परवानगी वाटते. म्हणून 'नाही' हे चारचौघांत, मोठ्याने म्हणायचं. धमकीचं स्टेटस दिसलं तर त्याचा स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्याला द्यायचा.

राग कागदांवर काढा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या आणि नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. आरोपी अठराच्या आतला असला की प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. खुनासारख्या गुन्ह्यात तो सोळा पूर्ण असेल तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, हे आधी तपासतात. मूल म्हणूनच प्रकरण चाललं तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर मंडळाच्या दारात पाय गळतात. सरकारी वकिलाच्या मदतीला कोर्टाच्या परवानगीने आपला वकील देता येतो. आरोपी सुटला तर अपिलाचा हक्क आपल्यालाही आहे. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. पैसे घेतले म्हणजे माफ केलं, असं बोलणारे भेटतील; त्यांच्या घरचं काही गेलेलं नसतं.

आमच्या मुलाचा मोबाइल मुद्देमालात जमा झाला आणि फोटोही त्याच्याबरोबर गेले. खटले वर्षानुवर्षं चालतात. सुपुर्दनाम्यावर वस्तू परत मागता येते, पण पुरावा म्हणून हवी असेल तर मिळेलच असं नाही. फोटो मित्रांकडून लगेच गोळा करा. आमच्याकडे ते काम त्या घाटावरच्या मुलाने केलं. त्याला काहीतरी करायचंच होतं.

भेटायला येणाऱ्यांनाही एक सांगणं. "तो कुणाबरोबर फिरायचा हो?" हे विचारू नका. विचारणाऱ्याला आपलं पोर सुरक्षित आहे असं वाटून घ्यायचं असतं, ऐकणाऱ्या आईवर मात्र आरोप होतो. त्यापेक्षा डबा आणा, नाहीतर तारखेला सोबत चला.

घरातल्या दुसऱ्या मुलाकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. माझी मुलगी दहावीत. सगळे तिला "आईला सांभाळ" म्हणायचे, म्हणून ती आमच्यासमोर रडेना. रात्री दार लावून भावाचे व्हॉइस मेसेज ऐकत बसायची. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावून दिला आणि मी खोलीबाहेर गेले. पहिल्या खेपेला ती काहीच बोलली नाही. नंतर बोलायला लागली. काय बोलते ते मी विचारत नाही.