लिनक्सवर प्रिंटर छापत नसेल तर...

सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही मराठीची प्रश्नपत्रिका छापायला दिली आणि कागदच निघेना. बाहेर छापावी तर पेपर फुटण्याची भीती. केबल सैल होती, ती घट्ट बसवली. पुन्हा पुन्हा प्रिंट दिली. तरी प्रिंटर गप्पच!

लिनक्समध्ये छपाई 'कप्स' ही प्रणाली पाहते. ती १९९९ पासून वापरात आहे. प्रत्येक काम ती रांगेत लावते. केबल सुटली तर पुष्कळदा ती रांगच थांबवते; दोष दूर झाला तरी रांग आपोआप सुरू होत नाही. आमचे नेमके तेच झाले होते.

अशा वेळी काय करावे?

१. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाईप करा.
२. 'प्रिंटर्स'मध्ये आपला प्रिंटर निवडा. 'पॉज्ड' दिसल्यास रांग थांबलेली आहे.
३. जादा कामे रद्द करा, नाहीतर कागद वाया जाईल.
४. 'रिझ्यूम प्रिंटर' निवडा. येथे पासवर्ड लागतो, म्हणून सरांना बोलवा.
५. चाचणी पान छापा.

पान नीट येऊनही मराठीऐवजी चौकोन दिसले, तर दोष फॉन्टचा समजावा.

विद्यार्थी मित्रांनो, प्रिंटर अडला की बटणे दाबत बसू नका. आधी रांग पहा. आमची प्रश्नपत्रिका त्याच संध्याकाळी शाळेतच छापून झाली.