कॅश स्मृती : नोंदीच्या दोन पद्धती

सहकारी सोसायटीच्या कारकुनाजवळ मेजावर कच्ची वही असते. मुख्य खातेवही कपाटात असते. सभासदाने हप्ता भरला की त्याची नोंद दोन्ही वह्यांत लगेच करावी, की तूर्त कच्च्या वहीत टिपून पुढे खातेवहीत उतरवावी? संगणकापुढेही हाच प्रश्न असतो.

संगणकाचा प्रक्रियक अतिशय वेगवान, तर मुख्य स्मृती त्या मानाने मंद. म्हणून या दोहोंमध्ये लहान परंतु जलद अशी ‘कॅश’ स्मृती ठेवतात. या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही; ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो आला आहे. १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० मालिकेतील मॉडेल ८५ या संगणकात अशी स्मृती होती.

पहिली पद्धत ‘राइट-थ्रू’ होय. हीत प्रत्येक बदल कॅश व मुख्य स्मृती या दोन्ही ठिकाणी नोंदविला जातो. मॉडेल ८५ मध्ये हीच पद्धत होती. दोन्हीकडील आकडे जुळतात. मात्र एकच आकडा शंभर वेळा बदलला, तर मुख्य स्मृतीकडे शंभर खेपा होतात.

दुसरी पद्धत ‘राइट-बॅक’. हीत बदल केवळ कॅशमध्ये होतो व त्या भागावर ‘डर्टी बिट’ नावाची खूण केली जाते. नव्या माहितीसाठी जागा रिकामी करावयाची झाल्यास खूण असलेला भाग आधी मुख्य स्मृतीत उतरविला जातो. शंभर बदलांचे काम एका खेपेत होऊ शकते. परंतु तोपर्यंत मुख्य स्मृतीत जुनाच आकडा असतो. तो दुसऱ्या प्रक्रियकाने वाचू नये, यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

हेच तत्त्व पेन ड्राइव्हलाही लागू पडते. पुष्कळदा संगणक माहिती आपल्या स्मृतीत राखून नंतर तेथे लिहितो. अशा वेळी पेन ड्राइव्ह अचानक काढल्यास, अथवा वीज गेल्यास, न उतरलेली नोंद नाहीशी होते. गावच्या दाखल्यांची किंवा शाळेच्या गुणपत्रकांची यादी अशी गमावणे कोणासही परवडणारे नाही. म्हणून पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा आधी द्यावी, संगणकाची अनुमती येईपर्यंत थांबावे व मगच तो काढावा. शिक्षकांनी ही सवय विद्यार्थ्यांनाही लावावी.