गर्भाशयाचा कार्सिनोसार्कोमा : पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा रक्त दिसलं म्हणून तपासणी होते आणि क्वचित रिपोर्टवर ‘कार्सिनोसार्कोमा’ लिहून येतं. दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारा. घरचे लगेच विचारतात, ऑपरेशनला किती? त्याआधीचा खर्च महत्त्वाचा.

पहिला पैसा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टवर घाला. बायोप्सी झालेल्या लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून बघा. परळच्या टाटासारख्या ठिकाणी स्लाइड पुन्हा वाचल्या जातात. खासगी लॅबमध्ये गाठीवरच्या एकेका मार्करच्या तपासणीला साधारण हजार-दोन हजार पडतात. एमएमआर आणि हर-टू या मार्करांत काटकसर नको. पुढची महागडी औषधं लागू पडतील का, याचा अंदाज त्यांवरूनच येतो.

ऑपरेशन गायनॅक-ऑन्को सर्जनकडेच. गर्भाशय तुकडे न करता अखंड बाहेर यायला हवं. जवळच्या नर्सिंग होममध्ये ‘उरकून’ घेतलं आणि पुन्हा पोट उघडावं लागलं, तर खर्च दुप्पट. मुंबई-पुण्यात खासगीत ढोबळ मानाने दोन ते पाच लाख धरा. स्वतंत्र खोली घेतली की भाड्याबरोबर बहुतेक ठिकाणी सर्जन, भूल, तपासण्या सगळ्यांचेच दर चढतात. जनरल वॉर्डातही सर्जन तोच असू शकतो, विचारून घ्या.

केमो बहुधा पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिनची, दर तीन आठवड्यांनी. दोन्ही जेनेरिक मिळतात, किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. इम्युनोथेरपीची वेळ आली तर मात्र एकेका डोसचा हिशोब लाखांत जातो.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन भरती होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरून मागाहून परतावा मागायची सोय धरू नका. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेडिएशनला पाचेक आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज जावं लागतं. बाहेरगावच्यांचं बजेट इथे कोलमडतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहण्याची आधीच चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. डॉक्टरांकडून विहित नमुन्यातला दाखला मागून घ्या.