रक्त जातंय हे मी सांगितलं नाही

रविवारी रात्री अकराच्या सुमाराला मला पहिला लाल डाग दिसला. सत्ताविसावा आठवडा चालू होता. मंगळवारी सकाळी पुण्यात आमच्या थोरल्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. मी न्हाणीघरात थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले, कपडे बदलले आणि येऊन त्याच्या शेजारी झोपले. ह्यांना सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही, डॉक्टरबाईंना फोन केला नाही.

का केलं नाही, ते आधी सांगते, कारण माझ्यासारख्याच कारणाने आणखी कुणी तरी गप्प बसलेली असेल.

थोरल्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं. तो अडीच वर्षांचा असताना अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं २०१३ पासून फिरतात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. त्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग सिव्हिल, मग इको. दूध पिताना त्याच्या कपाळाला घाम फुटायचा, वजन वाढायचं नाही, थंडीत दोनदा न्यूमोनिया झाला होता. आम्ही त्याला अशक्त समजत होतो. छिद्रातून रक्त उलटं फुप्फुसांकडे जातं आणि फुप्फुसांवर भार येतो, हे तेव्हा कळलं. लहान छिद्रं कधी कधी आपोआप बुजतात. आमचं त्यातलं नव्हतं.

तरी आम्ही वर्ष घालवलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कोवळ्या लेकराची छाती कशाला फाडता? विश्वासाने मागा, देव सुरीशिवाय बरं करील." ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून ते बोलणं आमच्या जिवाला लागलं. पण मोठं छिद्र वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब इतका चढतो की पुढे ऑपरेशनच करता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आम्ही डॉक्टरांना पुरतं विचारलं नव्हतं. शेवटी पाळकसाहेब घरी आले. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी यशयाचा अडतिसावा अध्याय काढला. मरणाला टेकलेला हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो, आणि तरीही संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. "लेप कशाला सांगितला असेल, पोरी?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कागद गोळा करायला लागलो.

कागदांना वेळ लागतो. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, सगळे रिपोर्ट, मग मंजुरी. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावं आणि नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते पाहावं. आमचं नव्हतं. ते दुरुस्त होईतो मला दिवस गेले होते. ऑपरेशनाची पहिली तारीख नाताळच्या आधीची मिळाली, तर थोरल्याला सर्दी-ताप. असं मूल भुलीखाली घेत नाहीत, छातीत कफ असेल तर धोका वाढतो. किडलेल्या दोन दाढांचं कामही आधी करून घ्यायला सांगितलं, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचतात. तारीख गेली ती थेट फेब्रुवारीत.

आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत माझी वार खाली निघाली. गर्भपिशवीच्या तोंडावरच. थोरला सिझरचा, त्यामुळे वार जुन्या टाक्यांना चिकटली नाही ना, याचीही काळजी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पोट वाढतं तशी पुष्कळ बायकांची वार वर सरकते, पुन्हा बघू, पण तोवर वजन उचलायचं नाही, लांबचा प्रवास नाही, आणि थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच यायचं, दुखो न दुखो. शिवाय माझा रक्तगट ओ निगेटिव्ह.

आता त्या रविवारच्या रात्री माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐका. सांगितलं तर मला नगरलाच झोपवतील. हे माझ्यापाशी थांबतील. तारीख पुन्हा जाईल. पुढच्या खेपेला परत सर्दी झाली तर? दुखत तर काहीच नाही, म्हणजे विशेष नसेल. आणि सगळ्यांत खोल जे होतं ते हे: आईने स्वतःचं दुखणं काढायची ही वेळ नव्हे, देव माझा विश्वास बघतो आहे.

दुखत नव्हतं म्हणून मी धीर धरला. वार खाली असताना जाणारं रक्त बहुतेक वेळा दुखल्याशिवायच जातं, आणि पहिल्यांदा थोडं जाऊन थांबतं. त्या थांबण्यावर भरवसा ठेवू नका. आणि तुमच्या गप्प राहण्याला विश्वास म्हणू नका. मी देवाशी बोलत होते, पण ज्या बाईने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, तिच्याशी बोलायचं टाळत होते.

सोमवारी मंडळीने आमच्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली होती. सगळे उपाशी, मग मी कशी जेवू, म्हणून मीही दिवसभर पाण्यावर राहिले आणि तशीच गाडीत बसले. नगर-पुणे रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आतलाच, पण वाघोलीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या की अंतराला अर्थ राहत नाही. थोरला माझ्या मांडीवर झोपला होता. गरोदर बाईने उपास करू नये, हे पाळकसाहेबांनी मला नंतर रागावून सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या वाटचा उपास आम्ही पन्नास जण करत होतो ना?

मंगळवारी साडेआठला त्याला आत नेलं. छातीचं हाड उघडायचं, हृदय थांबवून रक्त यंत्रावर घ्यायचं, छिद्राला ठिगळ लावायचं. आम्ही बाहेरच्या बाकावर. अकराच्या आसपास मी उठले आणि बाकावर रक्त दिसलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं.

ते रुग्णालय हृदयाचं. तिथे बाळंतपणाचा विभागच नव्हता. सिस्टरने धावाधाव करून १०८ बोलावली, पण कुठे न्यायचं हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. माझी फाइल नगरला कपाटात होती. ज्या रुग्णालयात मुलाचं मोठं ऑपरेशन आहे, तिथेच प्रसूतिविभाग आणि कमी दिवसांच्या बाळांचा अतिदक्षता विभाग असेल तर उत्तमच. नसेल तर जवळच्या अशा ठिकाणी आधी एकदा जाऊन नाव नोंदवून यावं. गरोदर बाईची फाइल तिच्या पिशवीत असावी, तिच्या पहिल्या पानावर रक्तगट, आठवडे आणि वार कुठे आहे हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं. आणि मुलाच्या डॉक्टरांना आईची अवस्था, आईच्या डॉक्टरांना मुलाच्या ऑपरेशनाची तारीख ठाऊक असावी. आमच्या दोन्ही डॉक्टरांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही. आम्ही दोन पिशव्यांत दोन फाइली ठेवल्या होत्या आणि मनातही तसेच दोन कप्पे केले होते.

ह्यांनी थोरल्यापाशी थांबायचं की माझ्याबरोबर यायचं? आत काही अडलं तर मुलासाठी आईबापापैकी एकाची सही लागणार. माझ्यासाठी लागणार नव्हती, शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. हे मला त्या गडबडीत एका तरुण डॉक्टरने सांगितलं. मीच ह्यांना म्हटलं, तुम्ही हलू नका. माझ्याबरोबर भाऊ आला.

दुसऱ्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी म्हटलं, "रविवारी रात्रीपासून." भावाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. निगेटिव्ह गटाच्या बाईला असा रक्तस्राव झाला की बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात. त्यांनी बोटांवर तास मोजले. अजून वेळ होता. बाळ लवकर झालंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. आणि ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं.

आता इथली चूक नीट समजून घ्या, कारण ती चांगुलपणातून झाली होती. थोरल्याच्या ऑपरेशनासाठी रक्तपेढीने बदली रक्तदाते मागितले होते. बदलीत कुठलाही गट चालतो. आठ दिवस आधी आमच्या घरचे आणि मंडळीच्या तरुण संघाची मुलं उत्साहाने जाऊन रक्त देऊन आली. त्यांत माझा भाऊ होता. आमच्या अख्ख्या नात्यात ओ निगेटिव्ह तो एकटा, आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने पुन्हा देता येत नाही, बाईला चार. थोरला पॉझिटिव्ह. भावाचं ते रक्त त्याला लागणारही नव्हतं. माझ्या स्ट्रेचरशेजारी भाऊ बाही वर करून उभा होता आणि नर्स त्याला नाही म्हणत होती. "ताई, मला कुणी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो गं," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. एक पिशवी रक्तपेढीत निघाली. दुसरी पुण्यातल्या एका मंडळीतल्या कॉलेजच्या मुलाने येऊन दिली. त्याला मी आजवर पाहिलेलं नाही.

रक्त थांबलं. दुपारी तीनला ह्यांचा फोन आला की ठिगळ बसलं, हृदय आपलं आपण चालू झालं.

इथे गोष्ट संपली असं घरच्यांना वाटलं. थोरल्यासाठी ती तिथे सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तोंडातली नळी निघाल्यावर त्याने आई कुठे म्हणून विचारलं. त्याला त्रास नको म्हणून सांगितलं गेलं, आई नगरला गेली. चार वर्षांच्या मुलाने याचा अर्थ काय लावला असेल? मला इथे टोचायला आणून आई निघून गेली. तो रडला नाही. जेवणं बंद केलं. सहाव्या दिवशी माझ्या रुग्णालयात आणून व्हीलचेअरवरून त्याला माझ्या खाटेपाशी नेलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे तोंड केलं. मी त्याला खरं सांगितलं: बाळाच्या पिशवीतून रक्त आलं, म्हणून मलाही डॉक्टरांनी झोपवून ठेवलंय, तुझ्यासारखीच सुई लावलीय, ही बघ. त्याने हळूच मान वळवून माझ्या हाताची सुई पाहिली. "तुला दुखतं?" म्हणाला. खोटं बोलण्याआधी आमच्यापैकी कुणी तरी मला फोन लावून माझा आवाज त्याला ऐकवला असता, तर ते दिवस वाचले असते.

छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा आठवडे, अशा मुलाला काखेत धरून उचलायचं नसतं. एक हात पाठीखाली, एक बुडाखाली. मला तर कसंच उचलायचं नव्हतं. ते सिस्टरकडून सासूबाई शिकल्या, साठाव्या वर्षी, उशी घेऊन सराव करून. तुमच्या घरात उचलणारं माणूस कोण हे ऑपरेशनाआधी ठरवा आणि त्यालाच शिकवणीला उभं करा. मुलाला आईची कूस हवी असतेच. मी डाव्या कुशीवर झोपायची, तो पाठीवर झोपून माझं बोट धरायचा. वॉर्डात फिरतं एक्स-रे मशीन आलं की गरोदर बाईने सरळ सांगून बाहेर जावं. गोवर-कांजिण्यांची मुलं बसतात त्या बाह्यरुग्ण विभागात तिने थांबूच नये.

मंडळीने आम्हाला तारलं, पण आम्ही सांगायला शिकल्यावर. आधी सगळे विचारायचे, काही लागलं तर सांगा हं, आणि आम्ही म्हणायचो, प्रार्थना करा. नंतर ह्यांनी पाळकसाहेबांना चिठ्ठीच दिली: सोमवार-गुरुवारी डबा, एका जणाने रात्री वॉर्डाबाहेर झोपायला, कपडे धुवायला न्यायला, भेटीला एका वेळी एकच आणि सर्दीवाल्यांनी नको. ज्या वडीलधाऱ्यांनी सुरीशिवाय बरं होईल म्हटलं होतं, ते अकरा रात्री बाकावर झोपले. मी त्यांच्याबद्दल मनात जे धरून ठेवलं होतं, ते तिथे सुटलं.

छत्तिसाव्या आठवड्यात ठरवून सिझर झालं, चार दात्यांची नावं हाताशी ठेवून. मुलगी, दोन किलो तीनशे ग्रॅम. वार चिकटलेली नव्हती.

आमच्या मंडळीच्या कचेरीत आता एक वही आहे. नाव, रक्तगट, फोन, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या रक्तदानाची तारीख. निगेटिव्ह नावं वेगळ्या पानावर आहेत, सगळी मिळून सहा. तरुण संघातल्या एका मुलीचं, तीही ओ निगेटिव्ह, बाळंतपण पावसाळ्यात आहे. मागच्या रविवारी उपासनेनंतर रक्तदान शिबिराची गाडी दारात उभी होती. माझा भाऊ रांगेतल्या मुलांना सरबत देत होता. त्याने स्वतः रक्त दिलं नाही. तिची तारीख होईपर्यंत तो देणार नाही.